मला येत असलेली कोरियन भाषा

मला कोरियन येतं असं मी कधीही, कुणालाही सांगितलेलं नाही. येत नाही असंही सांगितलं नव्हतं, एवढीच काय ती माझी चूक. पण एवढ्याशा चुकीपायी माणसाला गळ्यात शेवंतीचा हार घालून, हातात माईक घेऊन दीडशे बायकांसमोर उभं राहावं लागतं, याची मला कल्पना नव्हती.

मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका छोट्या कोरियन कंपनीत स्टोअर सांभाळतो. अठरा वर्षांच्या नोकरीत मी चार कोरियन शब्द कमावले. ‘अन्योंग हासेयो’ म्हणजे नमस्कार, ‘काम्साहाम्निदा’ म्हणजे आभारी आहे, ‘पल्ली पल्ली’ म्हणजे लवकर आटपा आणि ‘आन दे’ म्हणजे जमणार नाही. खरं तर एवढ्या चार शब्दांवर जगातली कुठलीही नोकरी निवृत्तीपर्यंत निभून जाते. अडचण आली ती घरी.

दिवाळीनंतर माझी आई, अनसाबाई, पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दौंड तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी तिला कारेगावला आमच्या दोन खोल्यांत आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने बसून राहायचं. आता, जिनं उभं आयुष्य मेंढरांच्या मागं चालण्यात काढलं, तिला बसणं हे काम कुणी शिकवलेलंच नव्हतं. पहिल्या आठवड्यात तिनं भिंतीवरच्या पालीला नाव ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात पालीशी भांडण झालं. मी टीव्ही लावून दिला, तर मालिका बघून म्हणाली, “ह्या समद्या बाया नटूनथटून घरातच बसत्यात. एक बी रानात जाईना. ह्यास्नी बी खुब्याचं ऑपरेशन झालंय का काय?”

आमचे प्लांटचे मोठे साहेब कोरियन. त्यांचं आडनाव नाम. सहा वर्षं झाली त्यांना रांजणगावात, बायकामुलं तिकडंच. बिहारी फिटर आणि यूपीच्या ऑपरेटरांबरोबर राहून ते हिंदी शिकलेले, त्यामुळं त्यांच्या हिंदीत ‘क्या हुआ’, ‘क्यों हुआ’ आणि ‘कब होगा’ याला तोड नव्हती. आईच्या आजारपणाची रजा संपवून मी हजर झालो तेव्हा त्यांनी मला बोलावून हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. म्हणाले, “संपतजी, माताजी बैठा है ना? ये देखो. मेरा पसंद का तीन फिल्म.”

सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर मी तो टीव्हीला लावला.

पडद्यावर आधी नुसतं धुकं आलं. मग धुक्यातून डोंगर वर आले, एकामागं एक, फिकट निळे. मग पांढऱ्या झग्यातला एक माणूस तळ्याच्या पाण्यावरून चालत आला. पोहत नव्हे, चालत. त्याच्या पावलाखाली पाण्याला एवढी एवढी वळी पडायची आणि विरून जायची. काठावरच्या झाडावरून गुलाबी पाकळ्या गळत होत्या. त्यानं तलवार उपसली, एक पाकळी उभी चिरली आणि तलवार म्यान केली. पाकळीचे दोन तुकडे जमिनीवर टेकायला एक मिनिट लागलं असेल.

आई भिंतीला टेकून बसली होती ती पुढं सरकली.

“ह्यो कंचा मुलूख रं, संपा?”

“कोरिया.”

“तुज्या सायबाचा?”

“व्हय.”

“मग काय म्हनत्यात ते सांग की. तुला तर येतंय त्यांचं.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ‘माजा संपा फॉरेनच्या सायबाबरं त्याच्याच बोलीत बोलतो’ हे वाक्य आईनं आमच्या गावात इतक्या ओट्यांवर सांगितलं होतं की गावातल्या दोन मुलींची लग्नं माझा दाखला देऊन जमली होती. सिनेमात खालच्या पट्टीवर जे भाषांतर लिहून यायला हवं होतं, ते साहेबांच्या फाइलीत नव्हतं. अर्थात, असतं तरी इंग्रजीत असतं आणि आईला अक्षरओळख नाही. ती माझ्याकडं बघत होती. सारिका, म्हणजे माझी पत्नी, दाराशी मशीनवर ब्लाउज शिवत बसली होती, तिचाही पाय पॅडलवर थांबला.

मी म्हणालो, “तो म्हनतोय, ‘बारा वर्षांनी घरी आलो, पर दारात कुनी न्हाई.’”

आईनं सुस्कारा सोडला. मशीन पुन्हा चालू झालं. आणि मी कोरियन भाषेचा जाणकार झालो.

एकदा तोंड उघडल्यावर नावं ठेवणं आलं. नायक रुद्र झाला. पांढऱ्याच झग्यातली एक मुलगी त्याची तलवार पुसत होती, तिचं नाव सोनम ठेवलं. दोघांचे कपडे सारखे, तोंडवळाही मला तरी सारखाच दिसला, म्हणून मी विचार न करता सांगून टाकलं की ही त्याची धाकटी बहीण. कथाकथनात घाई फार वाईट. चाळीस मिनिटांनी त्याच गुलाबी झाडाखाली रुद्रनं सोनमचा हात धरला, आणि ज्या पद्धतीनं धरला, ती पद्धत जगात कुठंही भावाची नव्हे.

तोपर्यंत शेजारच्या रंगुबाई येऊन बसल्या होत्या. त्यांची फुलशेती आहे, पाटीभर शेवंती घेऊन त्या आमच्याकडं हार ओवायला यायच्या, आईला सोबत म्हणून. त्यांची सुई हवेतच राहिली.

“आगं बया! बहीन न्हवं का ती?”

आई माझ्याकडं बघेना. ती पडद्याकडंही बघेना. घाम फुटण्याची माझी जागा मानेच्या मागं आहे, तिथं फुटला. तेवढ्यात देवानं धाडल्यासारखा पडद्यावर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. मुळा खात खात तो बराच वेळ बोलला.

“हां, ऐका,” मी म्हणालो, “हा म्हातारा तेच सांगतोय. सोनम त्यांची न्हाईच. पुरात वाहून आली व्हती, पाटीत. ह्यानंच काढली बाहेर. आजपर्यंत कुनाला बोलला न्हाई.”

“आन् सांगताना मुळा खातोय?” रंगुबाई म्हणाल्या.

“त्याच्या मनावरचं ओझं उतरलंय.”

हे त्यांना पटलं. आईनं डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, “लई सोसलं म्हाताऱ्यानं.”

पुढच्या सुट्टीला रंगुबाई आपल्या दोन जावांना घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या सुट्टीला आमच्या दारात चौदा जोडी चपला होत्या. आतल्या खोलीला सारिकाची अस्तराची कापडं पडदे म्हणून लागली, आणि त्या हिरवट जांभळ्या अंधारात बायका भिंतींना टेकून, शेंगा सोलत, वाती वळत, निम्म्या पेंगत बसायच्या. सगळ्या खोलीला शेवंतीचा वास. पडद्यावर माणसं बांबूच्या शेंड्यांवरून धावत जायची, बर्फात तलवारी चमकायच्या, आणि माझा आवाज त्या दुपारच्या झोपेत मिसळून कुठूनतरी लांबून आल्यासारखा मलाच ऐकू यायचा. अख्ख्या सिनेमात ‘पल्ली पल्ली’ हा शब्द एकदाही आला नाही. त्या मुलखात, त्या काळी, कुणालाही घाई नव्हती.

त्याचा परिणाम माझ्यावर व्हायला लागला, हे कबूल करतो. वय सत्तेचाळीस, वजन चौऱ्याऐंशी. तरी संध्याकाळी कंपनीतून स्कूटरवर येताना दोन्ही बाजूंना शेवंतीचे पांढरे तुकडे लागायचे आणि मला वाटायचं, आपण उतरावं आणि या फुलांच्या टोकांवरून, एकही देठ न वाकवता, घरापर्यंत चालत जावं. स्टोअरमध्ये एका बिहारी फिटरनं कटरचं पातं मागितलं तर मी ते दोन्ही तळहातांवर आडवं धरून, मान झुकवून दिलं. त्यानं घाबरून घेतलं नाही. सुपरवायझरकडं जाऊन म्हणाला, “स्टोअरवाले भैया का तबीयत दिखाओ.”

इथवर सगळं घरच्या घरी होतं. मग आण्णा आले.

आण्णा आमच्या समोर राहतात. एसटीत कंट्रोलर होते. बत्तीस वर्षं स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्या सोडल्यामुळं ते ‘पाणी द्या’ असं म्हणाले तरी माणूस पिशवी उचलतो. एका दुपारी ते दारात उभं राहून अर्धा तास ऐकत होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “संपतराव, कला हाय तुमच्यात. पर आवाज नरड्यातनं येतोय, तो पोटातनं आला पायजे. आन् चौदा बाया म्हंजी काय मानसं झाली? संक्रांतीचं हळदीकुंकू हाय, बचत गटाच्या दीडशे बाया जमत्यात. हॉल घेऊ. पडद्यावर दाखवू. मी हाय की.”

‘मी हाय की’ हे शब्द ज्यानं ज्यानं ऐकले त्याला पुढं जे भोगावं लागतं ते मलाही लागलं. परवानगी काढायला मला शिरूरला पाठवण्यात आलं. कुठल्या कचेरीत, ते सांगत नाही. मला अजून तिथून बरेच दाखले काढायचे आहेत.

टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला आणि विचारलं, “सिनेमा का भाषण?”

“सिनेमा आहे, पण मी सोबत बोलणार.”

“सिनेमा असेल तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं. भाषण असेल तर लागत नाही.”

दुसऱ्या खेपेला आण्णांनी अर्ज बदलून दिला. ‘सचित्र कथाकथन’. गृहस्थांनी तो उलटसुलट वाचला. “भाषा?”

“कोरियन. आणि मराठी.”

“म्हणजे दुभाष्या आला. दुभाष्या कोण?”

“मीच.”

“कोरियन भाषेचं प्रमाणपत्र?”

मी ओळखपत्र दाखवलं. त्यावर कंपनीचं नाव कोरियन अक्षरांत होतं. त्यांनी ते चष्म्याजवळ धरलं, बराच वेळ वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, “ठीक आहे. एक हमीपत्र द्या. मी जे सांगणार ते मूळ संभाषणाशी तंतोतंत जुळणारं असेल, त्यात पदरचं काही नसेल, चूक निघाल्यास होणाऱ्या कारवाईस पात्र राहीन.”

मी लिहून दिलं. खाली सही केली. सही करताना रुद्रची आठवण झाली. तोही असाच एकदा एका कागदावर सही करतो आणि मग दोनशे घोडेस्वार त्याच्या मागं लागतात. निदान मी तरी तसं सांगितलं होतं.

त्या हमीपत्रानं मात्र माझं मन खाल्लं. तिसरा सिनेमा, रुद्र-सोनमच्याच गोष्टीचा पुढचा भाग, अजून कुणाला दाखवला नव्हता, तोच हॉलमध्ये दाखवायचा होता. ठरवलं, या खेपेला खरं सांगायचं. फोनवर भाषांतराचं एक अॅप उतरवलं आणि टीव्हीसमोर धरलं. दोन सेनापती रागारागानं बोलत होते. फोनवर उमटलं, ‘घोड्याला सरकार नाही.’ पुन्हा धरलं. ‘माझ्या काकू बर्फ आहेत.’ मग एक वाईट बुद्धी सुचली. पहिला सिनेमा काढून त्या मुळ्यावाल्या म्हाताऱ्यापुढं फोन धरला. या वेळी अॅपनं स्वच्छ, शुद्ध मराठीत सांगितलं, ‘यंदा मुळा गोड आहे.’ मी फोन बंद केला. आईनं त्या म्हाताऱ्यासाठी दोन वेळा डोळे पुसले होते.

आणि दुसऱ्या दिवशी नाम साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या टेबलावर हळदीकुंकवाची छापील पत्रिका होती. आण्णा स्वतः कंपनीच्या गेटवर येऊन देऊन गेले होते. ‘प्रमुख पाहुणे’ या शब्दांखाली साहेबांचं नाव. त्याखाली माझं, ‘कोरियन भाषेचे गाढे अभ्यासक’ या शब्दांसह.

साहेबांनी मराठी वाचलं नव्हतं, पण सिनेमाच्या चित्रावरून ओळखलं होतं. “ये मेरा फिल्म?”

“जी.”

“सब लेडीज देखेगा?”

“जी.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला ‘आन दे’ म्हणायचा धीर होईना. म्हणाले, “मैं आएगा. पक्का.”

आता एकच आशा उरली होती: परवानगी नाकारली जाणं. अर्ज नामंजूर व्हावा म्हणून हात जोडून कचेरीची पायरी चढणारा मी त्या इमारतीतला पहिलाच नागरिक असेन. आणि त्या दिवशी ते गृहस्थ मला बघून उठून उभे राहिले.

“या, या. तुमचंच काढून ठेवलंय. आमची मंडळी पण येणार आहेत हळदीकुंकवाला. मुळ्याची गोष्ट कळली त्यांना बहिणीकडून. पुढं बसवा. प्रमुख पाहुण्यांचं नाव तेवढं राहिलंय. नाव?”

“नाम.”

“हो, तेच. नाव काय?”

“नाव नाम.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “अहो, सरकारी कागद आहे. नाव?”

“नामच आहे. श्रीयुत नाम.”

“आणि गाव, गाम?” असं म्हणून ते स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले की शिक्का दोनदा मारला. मी म्हणालो, “साहेब, काही त्रुटी असेल तर सांगा, एखादा कागद कमी असेल, मी महिनाभर थांबायला तयार आहे.” ते म्हणाले, “अशी नम्र माणसं हल्ली राहिली नाहीत.”

हळदीकुंकू दुपारी तीनला होतं. हॉलला अकरा खिडक्या. अंधार करायला दौंडहून आमच्या भावकीतली घोंगडी मागवली, तेवीस आली. काळ्या लोकरीची ती जाड घोंगडी खिडक्यांवर चढली आणि भर दुपारी हॉलमध्ये डोंगरातली सावली उतरली. पडदा म्हणून सारिकानं दोन पांढरी धोतरं जोडून शिवली होती. शिवण बरोबर मधोमध होती. त्यामुळं सिनेमाभर रुद्र एका धोतरात आणि सोनम दुसऱ्या धोतरात राहिली, आणि हात धरायचा झाला की शिवणीवरच धरावा लागला. पण बायकांना ते फार आवडलं. त्यांना वाटलं, गोष्टच तशी आहे.

नाम साहेब सूट घालून आले. आण्णांनी त्यांना फेटा बांधला. फेटा मापानं मोठा, तो चष्म्यावर येऊन टेकला आणि तिथंच राहिला. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या होत्या, कारण आईला अजून खाली बसता येत नव्हतं. एका खुर्चीत साहेब, दुसरीत आई. मी माईक हातात घेतला. आण्णा भोंग्याच्या आवाजात म्हणाले, “पोटातनं!”

सुरुवात मी जपून केली. ‘ते दोघं बोलत आहेत’, ‘हा थोडा रागावला आहे’, अशी. दहा मिनिटांत बायकांची कुजबुज वाढली. रंगुबाई मागून म्हणाल्या, “संपतभाऊ, जेवला न्हाईत का? नीट सांगा की.” आणि मग पडद्यावर बर्फ पडायला लागलं, रुद्र तुटक्या पुलाच्या दोरावरून धावत निघाला, आणि मला काय झालं ते माहीत नाही. मी विसरलो. साहेब, हमीपत्र, कारवाई, सगळं. माझा आवाज खरोखरच पोटातून यायला लागला. शत्रूंनी आपापली कुळं सांगितली, तलवारीनं आपला इतिहास सांगितला, वाऱ्यालाही मी दोन वाक्यं दिली.

अधूनमधून साहेबांकडं नजर जायची. वर्षअखेरीला माल मोजताना असतो तसा त्यांचा चेहरा. फेट्याखाली एक रेघही हलत नव्हती.

मग नदी आली. पहाटेची, वाफाळलेली. रुद्र लढाईला निघालेला, सोनम काठावर उभी. तो वळला. मी माईक दोन्ही हातांनी धरला.

“सोनम,” मी म्हणालो, “मी डोंगरापल्याड चाललो. तिकडचं चांदणं इथल्यासारखं असंल का न्हाई, ठावं न्हाई. पर जिथं पाणी लागंल तिथं मी वाकून बघीन. त्यात तुजं तोंड दिसलं तर पाणी पिईन. न्हाई दिसलं तर तसाच तहानलेला पुढं जाईन.”

हॉलमध्ये दीडशे नाकं एकदम ओढली गेली. कचेरीतल्या गृहस्थांच्या मंडळींनी तर हुंदका दिला. मी स्वतः सद्गदित झालो होतो.

तेवढ्यात आईचा आवाज आला. ती साहेबांकडं वळली होती.

“सायेब, ह्यो खरंच येवढं बोलला का ओ? त्याचं तोंड तर दोनदाच हललं.”

साहेबांनी फेटा वर सरकवला. सहा वर्षांत कानावर पडून मराठी त्यांना कळण्यापुरती येत होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्यांना मला वाचवायचं होतं. पण समोर एक म्हातारी बाई सरळ डोळ्यांनी विचारत होती, आणि त्या माणसाला खोटं बोलण्याइतकी हिंदी येत नव्हती.

“नहीं, माताजी. वो बोला, ‘खाना खाया?’”

“जेवलीस का, म्हनला?”

“हाँ. जेवलीस का.”

“आन् ती काय म्हनली?”

“वो बोली, ‘खाया.’”

“खरंच जेवली व्हती का?”

साहेब जरा थांबले. “नहीं,” ते म्हणाले. “खाया नहीं.”

“आन् मग?”

“मग गया. वापस नहीं आया.”

पडद्यावर रुद्रची होडी काठापासून सुटली होती. आई बराच वेळ तिकडं बघत राहिली. मग कुणाला उद्देशून नाही, अशी बोलली. “संपाच्या येळंला मी नववा म्हैना घिऊन घरी व्हते. ह्याचा बा मेंढरं घिऊन कोकणाकडं निघाला. दारात कुत्री भुकायल्याली, मेंढरं पुढं गेल्याली. वळला आन् येवढंच म्हनला, जेवलीस का. मी म्हनलं, जेवले. कशाची जेवते!” तिनं पदर सावरला. “आपला परत आला. दर साल आला. ह्या बाईचा न्हाई आला, येवढाच काय तो फरक.”

मला माईक फार जड झाला.

“बायांनो,” मी म्हणालो, “मला कोरियन येत न्हाई. चार शब्द येतात. बाकी समदं मी पदरचं सांगितलं.”

मग मागून रंगुबाईंचा आवाज आला, “आन् त्यो म्हातारा? मुळ्यावाला? पाटीतल्या पोरीचं?”

मी काही बोलायच्या आत साहेब उत्साहानं उठले. “वो? वो बोला, मूली मीठा है!”

आधी एक बाई हसली. मग तिची शेजारीण. मग तेवीस घोंगड्यांच्या आतला सगळा अंधार हसायला लागला. माझ्या अब्रूचं म्हणाल तर ती त्या क्षणी शिवणीवर उसवून दोन धोतरांत पडली होती. रंगुबाई डोळे पुसत म्हणाल्या, “आवो, आमाला तरी कुठं येतंय कोरियन? चालू द्या की पुढं. नदीचं सायबांनी सांगावं, तलवारीचं तुमी सांगा.”

तसंच झालं. साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. जिथं हळू बोलणं होतं तिथं ते दोन शब्द हिंदीत सांगायचे, मी ते दोनच शब्द मराठीत सांगायचो. ‘बैठो.’ बस. ‘ठंड है?’ थंडी वाजते का? ‘कल बारिश आएगा.’ उद्या पाऊस येईल. इतकी छोटी छोटी वाक्यं असतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यांच्यामध्ये एवढी रिकामी जागा असेल असंही नाही. त्या जागेत बर्फ पडत राहायचं आणि बायका गप्प बसून ते बघत राहायच्या. लढाई आली की मात्र साहेब मागं सरायचे आणि मला म्हणायचे, “अभी तुम. तुम्हारा अच्छा है. हमारा में तो वो सिर्फ आ-आ-आ चिल्लाता है.”

शेवटी सोनम एकटी त्या नदीवर येते. पाण्याकडं बघून काहीतरी म्हणते. मी साहेबांकडं पाहिलं. ते चष्मा काढून पुसत होते, आणि ते वाक्य त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माईक खाली घेतला.

संध्याकाळी आईनं साहेबांना तसं जाऊ दिलं नाही. “घरी कोन हाय तुमच्या? न्हाई न्हवं? मग बसा.” असं म्हणून तिनं त्यांना आमच्या पुढच्या खोलीत बसवलं आणि बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा समोर ठेवला. रश्श्यानं साहेबांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तसा तिनं आणखी वाढला. ती मेंढरांचं सांगत होती, ते त्यांच्या आजोबांच्या बैलाचं सांगत होते. तिला हिंदी येत नव्हतं, त्यांना मराठी बोलता येत नव्हतं, आणि दोघांनाही दुभाष्याची गरज दिसत नव्हती. मी दोनदा मध्ये बोलायला गेलो, तर आई म्हणाली, “तू गप. कांदा आन.”

मी स्वयंपाकघरात गेलो. सारिका ओट्याशी भाकऱ्या थापत होती. या सगळ्या दोन महिन्यांत तिनं माझ्या कोरियनबद्दल बरं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं; मशीन मात्र माझा आवाज चढला की हळू चालायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी पाटीतून कांदा घेतला आणि विळीशी बसलो.

“हस आता तू पण,” मी म्हणालो.

“मी कशाला हसू?” ती म्हणाली. तव्यावर भाकरी टाकून तिनं तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. माझ्याकडं पाठ होती. “अहो.”

“काय?”

“ते नदीवरचं… पाण्यात तोंड दिसायचं. तो म्हणाला नसेल, नसू दे.” ती थांबली. “तुम्ही म्हणा की एकदा.”

बाहेरच्या खोलीत साहेब कशाला तरी मोठ्यानं हसत होते. मी कांदा बाजूला ठेवला. उठून उभा राहिलो. घसा साफ केला, आवाज पोटातून आणला आणि म्हणालो, “सारिका…”

आणि पुढचं एकही वाक्य आठवेना.

तव्यावरची भाकरी फुगत होती. सारिका वळली नाही, तशीच थांबून राहिली. तिला काही घाई नव्हती. मग मी ते पहिल्यापासून, नवीनच, रचायला घेतलं.